नऊ दिवसांचं दूध

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तात्यांचा फोन आला. इतक्या लवकर गावाकडून फोन आला की आधी काळजात धस्स होतं. पण मागून कॅनचा खडखडाट आणि माणसांचा गलका ऐकू आला, तेव्हा घरचं सगळं ठीक आहे हे कळलं. तात्या माझे धाकटे चुलते. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत ते बावीस वर्षं सचिव आहेत.

"आरं, कॉम्प्युटर चालू हुईना. राच्चं लाईट गेली हुती. आता नुसतं काळं पडतंय आणि आतनं टिकटिक आवाज येतोय. रांग लागलीया दारात. काय करू सांग."

"तात्या, आधी प्लग काढा. परत चालू करून बघू नका. आजचं दूध वहीत लिहून घ्या."

"वहीत?" असं म्हणून ते जरा थांबले. मग म्हणाले, "बरं."

त्या थांबण्याचा अर्थ मला माहीत होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी गावात शिरलं तेव्हा संस्थेत छातीएवढं पाणी होतं. तात्यांनी कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन शेजारच्या माळ्यावर नेऊन ठेवला. वह्यांचं कपाट काही त्यांना हलवता आलं नाही. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर पंधरा-वीस वर्षांच्या वह्यांचा लगदा झालेला, शाई पानापानांतून वाहून गेलेली. माळ्यावरचा कॉम्प्युटर मात्र बटण दाबताच चालू झाला. त्या दिवसापासून गावाचा कागदावरचा विश्वास उडाला. पुढच्या वर्षी मी संस्थेला दूध संकलनाचा प्रोग्रॅम लिहून दिला, तात्यांनी वही बंद केली. फॅटचं मशीन आणि वजनकाटा थेट जोडला, थर्मल प्रिंटरवर पावती निघायला लागली. लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. दोनशे घरं, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दिवसाला चारशे नोंदी. तेव्हा सगळ्या गावाला वाटलं की आता हिशोब सुरक्षित झाला. मलाही तसंच वाटलं होतं.

पुण्याहून एसटीने निघालो. पूर्ण रस्ताभर एकच गोष्ट मनात घोळत होती. आमच्या संस्थेत घटस्थापना ते घटस्थापना असं वर्ष धरून, जितके लिटर दूध घातलं तितक्या लिटरवर दिवाळीचा फरक, म्हणजे बिलाच्या वरचे पैसे, वाटतात. वसुबारसेला. म्हणजे हातात अकरा दिवस. दहा दिवसांची बिलं घरखर्चात, पेंडीत, उचलीच्या कपातीत जातात. फरकाचे पैसे मात्र एकगठ्ठा येतात. कुणाच्या घरी त्यातून पोरांना कपडे होतात, कुणी सोसायटीचा हप्ता भरतो, एकदोघी दरवर्षी एखादी अंगठी करून ठेवतात. त्या सगळ्याचा पाया म्हणजे त्या डब्यातल्या तबकडीवरच्या नोंदी.

बॅकअप होता, त्यामुळे मी तसा घाबरलो नव्हतो. रोज रात्री आठला, संध्याकाळचं संकलन संपलं की आपोआप बॅकअपची फाइल तयार व्हायची, तारखेच्या नावाने. दर शनिवारी तात्या त्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्यायचे, तो रुमालात गुंडाळून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचे आणि घरी नेऊन देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवायचे. मी एकदा सांगितलं होतं की एक प्रत संस्थेच्या बाहेर हवी, पुराचं काही सांगता येत नाही. ते त्यांनी चार वर्षांत एकही शनिवार न चुकवता केलं.

घरी पोचलो, हातपाय धुतले, पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. फाइलींची यादी उघडली. तारखा अगदी ओळीने, एकही दिवस सुटलेला नाही. आणि १४ मेपासून पुढे प्रत्येक फाइलीसमोर आकार लिहिलेला: ० केबी.

दीडशेहून जास्त फाइली. सगळ्या रिकाम्या.

काय झालं हे समजायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. १४ मेला मी डेटाबेसचा, म्हणजे सगळ्या नोंदी जिथे साठतात त्या कोठाराचा, पासवर्ड बदलला होता. जुना फारच सोपा होता, बरेच दिवस बदलायचं मनात होतं. प्रोग्रॅममध्ये नवा घातला, पावती निघते का बघितलं, निघाली, पुण्याला परत गेलो. रात्री आपोआप बॅकअप घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, स्क्रिप्टमध्ये, जुनाच राहिला. ती स्क्रिप्ट रोज रात्री इमानाने उठायची, त्या दिवसाच्या नावाची फाइल उघडायची, डेटाबेसच्या दारावर चुकीचा पासवर्ड सांगायची, दार बंद व्हायचं, आणि उघडलेली फाइल तशीच रिकामी राहायची. चूक झाल्याची ओळ पडद्यावर यायची, पण तो पडदा बघायला रात्री आठ वाजता तिथे कुणी नसायचं.

तात्या समोर बसले होते. त्यांना मी सांगितलं. चूक माझी आहे, तुमची नाही, हे आधी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पेन ड्राइव्हचा तो रुमाल त्यांनी उचलला, चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवला. त्यांच्या वाटणीचं काम त्यांनी पुरेपूर केलं होतं. रिकामी पिशवी आहे हे न सांगता मी त्यांना ती पाच महिने वाहायला लावली होती. हे मला अजूनही लागतं.

हेच थोरामोठ्यांच्या बाबतीतही झालंय. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरने रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. थांबवेपर्यंत तीनशे जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर साठवणीची जागा रिकामी. तिथला डेटाबेस पोस्टग्रेस नावाच्या प्रोग्रॅमच्या ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे तो रोज अपयशी होत होता. अपयशाची ईमेल जात होती, पण त्या ईमेलवर आवश्यक ती सही नसल्यामुळे समोरचा मेलसर्व्हर ती नाकारत होता. शेवटी सहा तासांपूर्वी त्याच इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका प्रतीवरून सगळं उभं केलं. त्या लोकांनी काहीही लपवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. ते प्रकरण मी २०१७ मध्येच वाचलं होतं, आणि तरीही मे महिन्यात बॅकअपची फाइल उघडून बघितली नव्हती.

आता जे काही होतं ते त्या टिकटिक वाजणाऱ्या हार्ड डिस्कवरच होतं.

अशा वेळी एक मोह फार धोक्याचा असतो. विंडोज स्वतःच विचारतो, डिस्क तपासून दुरुस्त करू का? नाही म्हणायचं. ती दुरुस्ती फाइलींच्या रचनेची असते, आतल्या माहितीची नसते. रचना नीट करण्याच्या नादात ती आपली फाइल मधूनच छाटू शकते. शिवाय मरायला टेकलेल्या डिस्कमध्ये किती फेऱ्या शिल्लक आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून पहिलं काम, डिस्क बाहेर काढून जसंच्या तसं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, आणि मूळ डिस्कला परत हात लावायचा नाही.

त्यासाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. ते कसं चालतं हे मी तात्यांना भुईमुगावरून सांगितलं. भुईमूग काढताना आधी वेल उपटून घेतो, मातीत राहिलेल्या शेंगांसाठी थांबत नाही. सगळं रान काढून झालं की मग बायका सरवा वेचायला परत फिरतात. हे साधनही पहिल्या फेरीत सहज वाचता येईल ते सगळं उचलतं, अडलेली जागा सोडून पुढे जातं आणि कुठे अडलं याची नोंद एका फाइलीत ठेवतं. मग त्या सोडलेल्या जागांकडे पुन्हा पुन्हा जातं, कधी या बाजूने, कधी त्या बाजूने. मधे लाईट गेली तरी ती नोंद असल्यामुळे जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं. पहिली फेरी अंधार पडेपर्यंत झाली. सरवा वेचायला पुढच्या दोन रात्री गेल्या. मी पडवीत डिस्कशेजारीच झोपलो. तिचा आवाज बदलला की जाग यायची.

पाचशे जीबीच्या डिस्कवर शेवटी सातशे केबीच्या आसपास जागा वाचता आली नाही. ऐकायला हे काहीच नाही. पण ती जागा कुठे आहे यावर सगळं असतं.

संस्थेचा डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणजे मायएसक्यूएल. तो आपल्या नोंदी सोळा-सोळा केबीच्या पानांत ठेवतो. प्रत्येक पानावर एक आकडा लिहिलेला असतो, त्या पानातल्या मजकुरावरून काढलेला. पान वाचताना तो आकडा परत काढून बघतात, जुळला नाही तर पान बिघडलं. इंग्रजीत याला चेकसम म्हणतात. तात्यांना सांगायला गेलो तर ते लगेच म्हणाले, "म्हंजे ताळा."

अगदी बरोबर. त्यांच्या शाळेत गुणाकार झाला की नवाचा ताळा करून बघायला लावायचे. तेवीस गुणिले चौदा, तीनशे बावीस. दोन अन् तीन पाच, एक अन् चार पाच, पाचा पाचा पंचवीस, दोन अन् पाच सात. इकडे तीन अन् दोन अन् दोन सात. जुळलं. ताळ्याने चूक दुरुस्त होत नाही, चूक आहे एवढं कळतं. पानावरच्या आकड्याचंही तेच. मी इतकी वर्षं या धंद्यात चेकसम म्हणतोय आणि हा शब्द माझ्या घरात होता.

प्रतीची आणखी एक प्रत काढली आणि तिच्यावर मायएसक्यूएल सुरू केला. लगेच बंद पडला. लॉगमध्ये, म्हणजे तो स्वतःच्या कामाची नोंद ठेवतो त्या फाइलीत, त्याचा नेहमीचा निरोप होता, डिस्कवरचं पान खराब आहे, कदाचित तुम्हाला बॅकअपवरून माहिती परत आणावी लागेल. ते वाक्य मी दोनदा वाचलं. मग सक्तीने उभं करण्याची जी सोय असते ती वापरली. तिच्या एक ते सहा पायऱ्या असतात. एक म्हणजे खराब पान दिसलं तरी चालू राहा. चारपासून पुढे माहितीची कायमची नासाडी होऊ शकते असं त्यांच्या कागदपत्रांतच बजावलंय. घाईत माणूस थेट सहावर जातो. मी एकवर सुरू केलं, आणि तो उभा राहिला.

तक्ते एकेक करून बाहेर काढले. सभासद, आला. कपात, आली. बिलं, आली. दूध नोंदीचा तक्ता निम्म्याहून पुढे गेला आणि सर्व्हर कोसळला. मग तुकडे करून, क्रमांक सांगून काढायला लागलो. इथपर्यंत येतं का, येतं. इथपर्यंत? कोसळला. मधलं घे. असं अर्ध्याचं अर्धं करत रात्री दीड वाजता खड्ड्याच्या दोन्ही काठांना पोचलो. क्रमांक ६,४६,२०५ ते ६,४९,८१६. अठ्ठावीस पानं, ३,६१२ नोंदी. ७ जुलैच्या सकाळी रांगेत पहिल्या आलेल्या अकरा माणसांचं दूध होतं, बाराव्यापासून काहीच नव्हतं, ते थेट १५ जुलैच्या संध्याकाळपर्यंत. आषाढातले नऊ दिवस.

बाकी सगळं मिळालं होतं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण गावात दूध आटलेल्या महिन्यात कुणी तीन लिटर घातलं असेल तर तेही त्याला तोंडपाठ असतं. नऊ दिवस गेले असं सांगणार कुणाला?

सकाळी तात्या म्हणाले, "पावत्या असतील की लोकांच्या घरात."

हे मला सुचलंच नव्हतं. मी डिस्कच्या आत शोधत होतो, आणि त्या नोंदींची एकेक प्रत चार वर्षं रोज दोनदा दोनशे घरांत जात होती. संध्याकाळच्या संकलनाला तात्यांनी सगळ्यांना उभ्याउभ्या सांगितलं, काही झाकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पावत्या यायला लागल्या. पेंडीच्या पिशवीत भरून, पिठाच्या डब्यातून, पोराच्या दप्तराच्या कप्प्यातून. बऱ्याच जणींच्या घरात स्वयंपाकघराच्या खुंटीला वाकवलेली तार असते, तिच्यात रोजची पावती खुपसायची. अशा तारा आख्ख्या उचलून आणल्या, वर जुलैच्या पावत्या शोधायला ऑगस्ट-सप्टेंबरच्या उतरवायच्या. थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो. चुलीजवळच्या तारेवरच्या पावत्या कोळशासारख्या झालेल्या, ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवलेल्या कालच छापल्यासारख्या. पुसट झालेल्यांचे फोटो काढून मोबाइलवर गडद करून वाचले. माझी आई चष्मा लावून आकडे मोठ्याने वाचायची, चुलत बहीण टाइप करायची. "म्हैस, सकाळ, चार पूर्णांक दोन, फॅट सहा आठ." असं दिवसभर. आईला गावातल्या प्रत्येक गोठ्याची माहिती, त्यामुळे एखादा आकडा वावगा वाटला की ती थांबायची. "तिची गाय एवढं दूध देत न्हाई, परत बघ." परत बघितलं की सहाचा आठ वाचलेला असायचा.

आणि ताळा होताच. बिलांच्या तक्त्यात दहा दिवसांची दुधाची रक्कम होती. लिटर नव्हते, ते मी तिथे ठेवले नव्हते, ती माझी आणखी एक कमतरता. पण घरोघरच्या पावत्यांची रक्कम बेरीज करून बिलाशी पैशापर्यंत जुळली की त्या घरावर खूण करायची. एका घरी सदतीस रुपये चाळीस पैशांचा फरक येत होता. सासू म्हणे पावत्या सगळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सून आली, पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि एक पावती दिली. कशासाठी बांधून ठेवली होती हे आम्ही विचारलं नाही. सदतीस चाळीस.

३,६१२ पैकी ३,३८० नोंदी अशा परत आल्या. उरलेल्या २३२ त्या त्या घराच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांवरून, बिलाच्या रकमेत बसतील अशा धरल्या. त्या धरलेल्या आहेत अशी खूण त्यांच्यापुढे ठेवली. संचालक मंडळात ठराव झाला, यादी संस्थेच्या दारावर लावली. कुणीही हरकत घेतली नाही. वसुबारसेला फरक वाटला.

आताची व्यवस्था साधी आहे. रोजची प्रत दुसऱ्या डिस्कवर, एक पुण्यात माझ्याकडे कुलूपबंद करून, आणि शनिवारची रुमालात. तीन प्रती, दोन तऱ्हेच्या जागा, एक गावाबाहेर, हा नेम पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने आपल्या फोटोंसाठी घालून दिला होता, तो दुधालाही चालतो. त्यातला गावाबाहेरचा भाग कुणी गाळू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. तिथे सरकारी नोकरांच्या कामाच्या फाइलींची ८५८ टीबीची साठवण होती, बाहेर प्रत नव्हती, सगळी गेली. ती बातमी आली तेव्हा तात्यांनी मला फोन करून विचारलं होतं, "आपलं पुण्यातलं चालू हाय न्हवं?"

रोज रात्री प्रतीचा आकार आणि त्यातली शेवटची नोंद असा निरोप तात्यांच्या मोबाइलवर येतो. निरोप आला नाही तर त्यांनी मला फोन करायचा, हे ठरलेलं. बिलावर आता लिटरही छापतो. आणि दर महिन्याच्या एक तारखेला जुन्या लॅपटॉपवर रुमालातली प्रत उघडून डेटाबेस नव्याने उभा करतात. रांगेतल्या कुणाही पाच जणांकडून मागच्या महिन्याची एकेक पावती मागून घेतात आणि जुळवतात. हे काम आता तात्या माझ्यावाचून करतात. पावती द्यायला लोक हौसेने पुढे येतात.

त्या अकरा दिवसांतलं एक घर सांगायचं राहिलं. गावाच्या टोकाला एक काकू एकट्या राहतात. त्यांच्याकडून एकही पावती आली नव्हती. त्यांच्या १ ते ६ जुलैच्या नोंदी शाबूत होत्या, आणि त्यांची बेरीज दहा तारखेच्या बिलाशी तंतोतंत जुळत होती. म्हणजे हिशोबाने सातपासून पुढे त्यांचं काही नव्हतंच. तरी म्हटलं, विचारून यावं. माझ्या चुकीने कुणाचं लिटरभर दूध बुडायला नको.

काकूंनी बसायला पोतं टाकलं. पावत्या नाहीत म्हणाल्या. मग भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं मागे उलटून जुलै काढला आणि खिळ्यावरून उतरवून माझ्या हातात दिला. चौकोनांत पेन्सिलीने बारीक आकडे, सकाळचा वर, संध्याकाळचा खाली. एक तारखेला अडीच आणि दोन. तीनला दोन आणि दीड. सहाला फक्त वरचा, पाऊण. सातच्या चौकोनात आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, चंद्री गेली.

पुढचे चौकोन कोरे होते. महिनाअखेरपर्यंत.

"तुजं काय गेलं न्हाई त्यात," काकू म्हणाल्या. "माजंच हुतं."

मी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं. चहा घेतला. संस्थेत येऊन त्यांच्या नावापुढे खूण केली आणि आईला म्हटलं, पुढचं वाच.